गुलाबातलं गवत

सराफ्याला खऱ्यासाठी जितके शब्द लागतात, त्याहून जास्त खोट्यासाठी लागतात. जबलपूरच्या आमच्या सराफ्यातही तेच. कस लावला का, टंच किती निघाला, डाग किती, बट्टा किती, मुलामा आहे की अंगचं आहे, हेच कमानिया गेटच्या आसपासच्या गल्ल्यांत दिवसभर कानावर पडतं. न्यारिये पेढ्यांसमोरची धूळ झाडून नेतात आणि त्या धुळीतूनही सोन्याचे कण वेगळे काढतात. ज्याला इथं ‘खोट’ म्हणतात तीही धातूच असते, तांबं किंवा चांदी. तिला स्वतःची किंमत असते. ती फक्त सोन्याच्या नावानं विकली जात असते, एवढाच तिचा गुन्हा.

एका गवताचा इतिहास या भाषेत सांगावा असं मला बरेच दिवस वाटत होतं, कारण या गवताची जगाला ओळख झाली ती गुलाबातली खोट म्हणून.

गवताचं नाव रोशा. संस्कृतात रोहिष, हिंदीत रूसा, मराठीत रोशेगवत. सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर, मंडल्यापासून बैतूल, निमाड, मेळघाट ते खानदेशापर्यंत ते आपोआप उगवतं. पावसाळा सरता सरता माणसाच्या छातीएवढं वाढतं आणि फुलोऱ्यावर येतं. पात चुरगाळून नाकाशी धरली तर पहिला वास गुलाबाचा येतो. दुसऱ्या श्वासाला गुलाब मागे सरतो आणि काहीतरी हिरवं, लिंबासारखं, नुकत्या कापलेल्या चाऱ्यासारखं पुढे येतं. गुलाबाला पान असतं हे आपण विसरलेलो असतो. या गवतात जणू फूल आणि पान एकत्रच हुंगायला मिळतात.

आमच्या घरात हा वास आजीच्या गुडघ्यांना यायचा. नर्मदेवरून येणाऱ्या जानेवारीच्या वाऱ्यात ती रोशाचं तेल चोळून उन्हात बसायची. त्यामुळे गुलाब म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे लग्नातली गुलाबदाणी येत नाही, संधिवात येतो. मोठं झाल्यावर एकदा सराफ्यातल्या अत्तरवाल्या चाचांकडे रोशा मागितला. ते म्हणाले, “वो कोई अत्तर थोड़े ही है, बेटा. मालिश का तेल है. पंसारी के यहाँ मिलेगा.” त्यांच्या कपाटात खस होता, हिना होता, केवडा होता, तीन वेगवेगळ्या भावांचे गुलाब होते. त्यातल्या सर्वांत स्वस्त गुलाबात काय काय असतं, असं विचारल्यावर ते नुसतेच हसले.

युरोपीय कागदांत हे गवत येतं ते एका लढाईच्या वाटेनं. टिपू सुलतानाशी चाललेल्या युद्धात इंग्रजांच्या बाजूनं असलेला फ्रेंच सेनानी क्लॉद मार्तँ (लखनौचं ला मार्टिनिअर ज्याच्या पैशांतून उभं राहिलं तोच) बालाघाटात होता. हे बालाघाट म्हणजे आमच्या शेजारचा जिल्हा नव्हे, दख्खनचं पठार. तिथं त्याच्या लक्षात आलं की गुरं एका तिखट वासाच्या गवतावर तुटून पडतात, आणि त्या गुरांच्या दुधालोण्याला, मांसालासुद्धा तोच वास येतो. त्यानं बी गोळा केलं. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गनं त्या गवताचं वर्णन करताना त्याला मार्तँचंच नाव दिलं आणि आजही शास्त्रात ते ‘मार्टिनी’ म्हणूनच ओळखलं जातं. गुरांना आणि गुराख्यांना जे आधीपासून माहीत होतं ते एका सेनापतीच्या नावावर लागलं. पुढे १८२५ आणि १८२७ मध्ये कलकत्त्याच्या वैद्यकीय सभेच्या वृत्तान्तांत ‘निमाडचं गवताचं तेल’ या विषयावर दोन टिपणं आली. म्हणजे तेल काढण्याची विद्या त्याआधीच निमाडात रुळलेली होती.

ही विद्या कशी होती, याचं सर्वांत चांगलं वर्णन मला १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये भेटलं. सरकारी पुस्तकाच्या मानानं लिहिणाऱ्यानं फार लक्ष देऊन पाहिलेलं आहे. तेल काढणारे मुसलमान कारागीर. पावसाळा संपत आला, गवत पिकू लागलं की ते भिल्लांकडून गवत विकत घ्यायचे, रचून ठेवायचे आणि लाकूड-पाणी जवळ असेल अशा ओढ्याकाठी भट्टी लावायचे. जमिनीत खड्डा खणून चूल करायची. तिच्यावर तांब्याची किंवा लोखंडाची मोठी कढई, तीस ते पन्नास घागरी पाणी मावेल एवढी. तळाशी थोडं पाणी, वर काठोकाठ कापलेलं गवत. झाकणाच्या कडा गव्हाच्या कणकेनं लिंपून बंद करायच्या. झाकणाच्या भोकातून बांबूची नळी निघायची, तिलाही कापड गुंडाळलेलं, कणकेचा लेप आणि वरून दोरी. नळीचं दुसरं टोक दुसऱ्या बंद भांड्यात, आणि ते भांडं वाहत्या ओढ्यात गळ्यापर्यंत बुडवलेलं.

वाफ तिथं थंड व्हायची. आतलं भांडं भरत आलं की ते पाण्यात थरथरू लागायचं. तोच इशारा. घड्याळ नाही, तापमापक नाही. भांडं हललं की नळी हलक्या हातानं काढायची, पाणी तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळायचं आणि वर तरंगून येणारं तेल सावकाश निपटून घ्यायचं. उरलेलं पाणी टाकायचं नाही, तेच पुन्हा नव्या गवतावर घालायचं, कारण त्यातही वास उरलेला असतो. सराफ्यातल्या न्यारियाला हे सांगितलं तर तो ओळखीचं हसेल. शंभर किलो हिरव्या गवतातून अर्धा किलो तेल निघालं तर ते चांगलं निघालं म्हणायचं. पुष्कळदा त्याहून कमीच.

कनौजचे अत्तरवाले ज्या देग-भपक्यावर गुलाब किंवा केवडा उतरवतात, त्याच कुळातली ही रचना. फरक एवढाच की कनौजात भपक्यात चंदनाचं तेल आधीपासून वाट पाहत असतं आणि फुलाची वाफ त्यात मुरते. इथं पाहुणचाराला कुणी नाही. गवत एकटंच येतं आणि एकटंच निघतं. पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदे, अक्राणी या भागांत हिवाळ्याच्या तोंडाशी अशा भट्ट्या लागायच्या. तेल कातड्याच्या बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवरून कोंडाईबारीच्या घाटानं सुरतेला जायचं, नाहीतर धुळे-मनमाडवरून मुंबईला.

निमाड आणि नर्मदेच्या खोऱ्याला मुंबईची वाट आगगाडीनं जवळ केली. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग एकमेकांना भेटले ते आमच्या जबलपुरात. त्या मुंबईच्या मार्गावर पाहा: इटारसी, खांडवा, भुसावळ. रोशाच्या मुलखाच्या बरोबर कुशीतून ही गाडी जाते.

मुंबईहून तेल कुठं जायचं? तांबड्या समुद्रावरच्या अरबी बंदरांत, आणि तिथून पुढे कॉन्स्टँटिनोपलला. तिथं ते निथळून, लिंबाच्या रसात किंवा डिंकाच्या पाण्यात घुसळून आणि उन्हात ठेवून ‘साफ’ केलं जायचं, म्हणजे त्यातला हिरवा चावा जायचा आणि गुलाब वर यायचा. मग ते बाल्कनच्या पायथ्याशी कझानलिकला. जगातलं सर्वांत नावाजलेलं गुलाबाचं अत्तर तिथं होई. १८७८ पर्यंत हा मुलूख तुर्कांच्या ताब्यात होता. सातपुड्याचं गवत तिथं पोचल्यावर गुलाबात मिसळलं जायचं. काही जण तर मिसळण्याची वाटही पाहत नसत. भट्टीत घालण्याआधीच फुलांवर हे तेल शिंपडत, म्हणजे पहिल्या थेंबापासून दोन्ही एकजीव.

युरोपातल्या व्यापाऱ्याला हे तेल तुर्कस्तानातून मिळायचं, म्हणून त्यानं त्याला ‘तुर्की जिरॅनियमचं तेल’ म्हटलं. ते तुर्की नव्हतं आणि जिरॅनियमचंही नव्हतं. चूक कळल्यावर ते ‘ईस्ट इंडियन जिरॅनियम’ झालं, म्हणजे अर्धीच चूक सुधारली. शेवटी ‘पामारोझा’ हे नाव रुळलं, आणि तेही गुलाबाच्याच नावानं संपतं.

मग कस लावणं आलंच. खऱ्या गुलाबाच्या अत्तरात एक मेणासारखा भाग असतो, त्यामुळे थंडीत ते गोठतं. गवताच्या तेलात तो नसतो. म्हणून अत्तर किती अंशाला गोठतं हे पारखी पाहू लागले. भेसळवाल्यांनी त्यावर तोड काढली: देवमाशाच्या डोक्यातलं मेण थोडंसं घातलं की गवत मिसळलेलं अत्तरही शहाण्यासारखं गोठतं. सराफ्यात बसणाऱ्या कुणालाही या गोष्टीचं आश्चर्य वाटणार नाही. प्रत्येक कसोटी ही पुढच्या खोटीची सूचनाच असते.

गंमत अशी की गुलाबातल्या या खोटीतही खोट असायची. मुंबईच्या बाजारात रोशाच्या तेलात टर्पेंटाइन, घासलेट, खोबरेल काहीही सापडायचं. त्यासाठी वेगळा कस: सत्तर टक्के मद्यार्काच्या तीन भागांत एक भाग तेल टाकायचं, खरं असेल तर स्वच्छ विरघळतं, खोबरेल असेल तर गढूळ होतं. आणि खुद्द गवतातही दोन जाती, मोतिया आणि सोफिया. मोतियाच्या तेलात गुलाबी वासाचा अंश फार मोठा, सोफियाचं तेल उग्र आणि स्वस्त. बरीच वर्षं शास्त्रज्ञ समजत होते की कोवळं ते मोतिया आणि पिकलं की सोफिया. १९०९ मध्ये बर्किल यांनी दाखवलं की ही एकाच गवताची दोन वेगळी वाणं आहेत. मोतिया कोरड्या उतारावर विखरून वाढतं, सोफिया ओलसर जागी दाट. गवत कापणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. ही नावं बर्किलच्या आधीची आहेत आणि ती भट्टीवरचीच आहेत. मोतिया सांगून सोफिया खपवला जायचा, हे तर ओघानंच आलं.

१८७१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर याकोबसेन यांनी या तेलातून एक द्रव शुद्ध स्वरूपात वेगळा काढला आणि त्याला नाव दिलं जिरॅनिऑल. पुढे कळलं की गुलाबाच्या अत्तरातही हाच रेणू आहे, वेगळा नव्हे, अगदी हाच. म्हणजे कझानलिकचा भेसळवाला गुलाबात जे घालत होता, त्याचा मोठा भाग गुलाबात आधीपासून होताच. सोन्यात सोनंच मिसळावं आणि तरी ते खोटं ठरावं, असा हा प्रकार. अर्थात गुलाब म्हणजे केवळ जिरॅनिऑल नव्हे. त्यात इतर शेकडो घटक असतात आणि काही तर इतके सूक्ष्म की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ते हाती लागले नव्हते, पण गुलाबाचं गुलाबपण बरंचसं त्यांच्यात आहे. म्हणून चाचांचा महागडा गुलाब महाग असतो हे न्याय्यच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. सुगंधाच्या व्यापारात गवताला ओळख मिळाली ती गुलाबाशी असलेल्या नात्यापुरती. जे त्याचं स्वतःचं होतं, तो हिरवा, चाऱ्याचा, उन्हाचा वास, तो लिंबाच्या रसानं धुऊन टाकायचा मळ ठरला.

गवताच्या कुळाचं नशीबच असं दिसतं. गवती चहाच्या भाऊबंदांपैकी एका गवताचं तेल केरळातून युरोपात जायचं. १८९३ मध्ये टीमान आणि क्र्यूगर यांनी दाखवलं की त्यातल्या सिट्रलपासून आयोनोन बनतं आणि त्याला व्हायोलेटच्या फुलांचा वास येतो. त्यानंतर स्वस्त व्हायोलेटचा पूर आला. आणखी एक गवत, आणखी एक फूल.

या गवतावर मनापासून प्रेम केलेला एक माणूस मात्र मला सापडला, आणि तो निघाला कवी. पंजाबी साहित्यात ‘खुल्ले मैदान’ लिहिणारे पूरन सिंह हे पेशानं रसायनशास्त्रज्ञ. टोकियोत शिकून आले आणि १९०७ पासून डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत तेलं आणि राळांवर काम करत राहिले. तिथून निघाल्यावर काही वर्षं ते ग्वाल्हेरच्या शिंदे दरबारात होते. तिथल्या रखरखीत माळावर त्यांनी निलगिरी आणि रोशा लावून तो माळ वासानं भरून टाकला, असं त्यांच्या चरित्रात येतं. पुढे १९२६ मध्ये पंजाबात ननकाना साहिबजवळ त्यांनी सरकारकडून भाडेपट्ट्यानं जमीन घेतली, कशासाठी तर रोशा पिकवून तेल काढायला. १९२८ च्या पुरात मळ्याचं जबर नुकसान झालं. पण आपल्या पुस्तकांची हस्तलिखितं वाचवता आली याचाच त्यांना आनंद होता म्हणे. मला ती गोष्ट वाचताना हस्तलिखितांइतकीच गवताचीही हळहळ वाटली. कवीला गुलाबाची शेती करता आली असती. त्यानं गवत निवडलं, आणि ते गवत म्हणूनच निवडलं.

हिरव्याला फुलाची खोट समजण्याची दृष्टी नेहमीचीच होती का? वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, गंधयुक्तीचा एक अध्याय आहे. त्यात सोळा द्रव्यांचा एक चौकोन मांडला आहे. त्यातली चार-चार द्रव्यं वेगवेगळ्या प्रमाणात घेतली की किती गंध होतात याचा आकडाही दिला आहे: १,७४,७२०. या सोळांत कापूर आणि चंदन आहेत, पण त्यांच्याच पंगतीला मुस्ता म्हणजे नागरमोथा आहे आणि उशीर म्हणजे वाळा आहे. मुळं, गवतं, पानं यांना कुणी कुणाची नक्कल म्हणून बसवलेलं नाही.

याहून जवळची साक्ष पुण्यात आहे. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांना १९४० च्या दशकात एका हस्तलिखितात दोन गंधग्रंथ मिळाले, गंगाधराचा ‘गंधसार’ आणि कर्त्याचं नाव नसलेला ‘गंधवाद’. या गंधवादावर मराठी टीका आहे. गोड्यांच्या मते ती साधारण १३५० ते १५५० या काळातली. दोन्ही ग्रंथ १९८९ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून छापून निघाले. म्हणजे ज्ञानेश्वरांनंतरच्या आणि एकनाथांच्या आसपासच्या मराठीत सुगंध कसा करावा याची चर्चा चालली होती. ती टीका कुणासाठी लिहिली असेल? ज्याला संस्कृत पुरेसं येत नाही पण खलबत्ता चालवायचा आहे अशा माणसासाठी, असं मी समजतो. गंधसारात भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा क्रिया सांगितल्या आहेत आणि सुगंधी द्रव्यांचे वर्ग पाडले आहेत: पानं, फुलं, फळं, साली, लाकडं, मुळं, डिंक, प्राणिज द्रव्यं. पानांचा स्वतंत्र वर्ग, मुळांचा स्वतंत्र वर्ग. ते लोक भोळे होते असं मात्र नव्हे. कृत्रिम कस्तुरी करण्याच्या कृती जुन्या गंधग्रंथांत सापडतात. नक्कल तेव्हाही होती, पण ती करायची की नाही हे करणारा ठरवत असे. मुळाला जन्मतःच नक्कल मानलेलं नव्हतं.

त्या ग्रंथांचा धागा अगदीच तुटलेला नाही. दिवाळीच्या उटण्याची पुडी घेतली की तिच्यावर नावं दिसतात: नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा, आंबेहळद. जबलपुरात चार पिढ्या काढलेल्या आणि घरात अर्ध हिंदी बोलणाऱ्या मराठी कुटुंबांतही हे उटणं नागपूरहून आणवलं जातं. त्याला फुलाचा वास येत नाही, आणि यावा अशी कुणाची अपेक्षाही नसते. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला मातीचा, मुळांचा वास येतो, आणि तोच हवा असतो.

त्या नागरमोथ्याचं तेल आता आमच्याच मध्य प्रदेशातून बाहेर जातं. ओलसर जमिनीतल्या गाठी खणायच्या, धुवायच्या, वाळवायच्या. तेल जड, तपकिरी, धुरकट. परदेशी सुगंधशाळांत त्याला ‘सिप्रिओल’ म्हणतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अरबी ऊदची लाट आली. खरा ऊद, म्हणजे अगरूचं तेल, सोन्याच्या भावानं मिळतं, म्हणून पुष्कळ ठिकाणी ऊदचा आभास उभा करायला जी द्रव्यं वापरतात त्यांत हा मोथा असतो. दीडशे वर्षांपूर्वी रोशा गुलाब झाला होता, आता मोथा ऊद झाला.

चाचांच्या कपाटात आता ऊदच्या बऱ्याच कुप्या आहेत. त्यातली एक मी हुंगली आणि सरळ विचारलं, यात ऊद किती आणि मोथा किती? यावेळी ते हसले नाहीत. फाया माझ्या मनगटावर टेकवून म्हणाले, “ऊद की तो मैं कसम नहीं खाता. लेकिन मोथा जो है, वो असली है.”